हॅडलकोटच्या चादरी

“आय नॉट नो, सर. इन माय कंट्री ऑल क्लोथ्स फ्रंट साइड,” असं म्हणत उर्वीनं मान दोन्ही खांद्यांकडे डुलवली आणि तळघरात एकच हशा पिकला. पद्मिनीच्या हातातली चिवड्याची वाटी मांडीवर कलंडली. शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता, सगळं गालिच्यावर पसरलं. “आई, राहू द्या, मी नंतर व्हॅक्यूम करते,” रीमा, तिची सून, लगबगीनं म्हणाली, पण पद्मिनी मुळात वाकलीच नव्हती. तिच्या कानात तो आवाज अडकून बसला होता. ही नात इलिनॉयमध्ये जन्मलेली, एरवी आजीशी निम्म्याहून अधिक इंग्रजीतच बोलणारी. आज आजीची साडी कशीबशी गुंडाळून उभी होती आणि आजीचा म्हणून जो आवाज काढत होती, तो आजीचा कधीच नव्हता. असलं इंग्रजी पद्मिनी उभ्या जन्मात एकदाच बोलली होती. बाकी सगळ्या वेळी तिच्या वतीनं ते तिचा नवरा बोलला होता, लोकांच्या दिवाणखान्यांत, हातात ग्लास धरून.

नवरा, म्हणजे डॉक्टर दिगंबर मिरजकर, समोरच्या रिक्लायनरमध्ये पाय वर करून बसला होता. येत्या शनिवारी त्याचं सहस्रचंद्रदर्शन. मुलानं, सुमंतनं, हॉल घेतला होता, गुरुजी ठरवले होते, केटररला पुरणपोळ्या सांगितल्या होत्या आणि बाबांना सरप्राइज म्हणून एक नाटुकलं लिहिलं होतं. सरप्राइज काही फार टिकलं नाही. बाबांना कुणकुण लागली आणि बघता बघता बाबाच दिग्दर्शक झाले. विषय अर्थातच गाव. इथल्या, नेपरव्हिलच्या, मराठी माणसांना गाव म्हटलं की कुणाला सातारा आठवतो, कुणाला वर्धा; मिरजकरांच्या घरी मात्र गाव म्हणजे हॅडलकोट. इंग्लंडातलं एवढंसं खेडं. अमेरिकेत येण्याआधी दिगंबरनं तिथं एका म्हाताऱ्या डॉक्टरच्या हाताखाली नोकरी केली होती. त्या गावाला दरवर्षी उन्हाळ्यात टापटिपीच्या स्पर्धेचं वेड लागायचं. जिल्ह्यातल्या सगळ्या खेड्यांतून सर्वांत नीटनेटकं कोणतं, ते ठरवायला परीक्षक न सांगता यायचे, आणि तेवढे आठवडे रस्त्यावरून दिसेल असं धुणं कुणी बाहेर वाळत घालायचं नाही, असा गावाचा अलिखित कायदा. “आणि आमच्या हिनं,” दिगंबर इथं थांबायचा, ग्लास खाली ठेवायचा, “नेमक्या त्या दिवशी पुढच्या कुंपणावर आपल्या साड्या पसरल्या. लाल, हिरवी, जांभळी! परीक्षकांना वाटलं, सर्कस आली. गावाचा कप गेला.” मग पद्मिनीची माफी, ते इंग्रजी, ती मान. लोक डोळे पुसेपर्यंत हसायचे. पद्मिनीही हसायची. पाहुण्यांसमोर दुसरं काय करतात?

आता तळघरात, व्यायामाची सायकल बाजूला सारून, दोन खांबांमध्ये नायलॉनची दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर चिमटे लावून तिच्याच साड्या लटकवल्या होत्या. सकाळी रीमानं कपाटातून नेल्या तेव्हा “दोन-चार कलरफुल हव्यात, आई,” एवढंच म्हणाली होती. वरच्या अरुंद खिडकीतून बर्फाचा ढिगारा आणि शेजाऱ्याच्या गाडीचं चाक दिसत होतं. आता अशी आत आत चढत जाणारी चीड पद्मिनीला नवी नव्हती. पण आजवर ती पोटात यायची आणि पाहुण्यांना गुलाबजाम वाढेपर्यंत निवायची. आज ती निवेना. तिला वाटलं, उठावं आणि दोरी ओढून तोडावी. ती उठली नाही, आणि न उठल्याचाही तिला राग आला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसानं कुणाला भ्यायचं बाकी असतं? पण सुमंतचा चेहरा उजळला होता, बाबांना हसताना पाहून. बायपासनंतर त्याचे बाबा वर्षभर गप्पगप्प होते. हे नाटुकलं म्हणजे मुलाच्या मते औषध होतं. आणि औषध गोड लागावं म्हणून त्यात आई विरघळवली होती.

हॅडलकोट. त्या गावात दिगंबरला गुलाब दिसले होते, ‘वूलपॅक’ नावाचा पब दिसला होता, आणि डॉक्टर म्हणून हॅट उचलणारी माणसं. पद्मिनीला आधी ओल दिसली. दवाखान्याला लागून त्यांना दिलेलं दगडी घर उन्हाळ्यातही आतून घाम फुटल्यासारखं असायचं. मागच्या अंगणावर चर्चच्या आवारातल्या जुनाट सदाहरित झाडांची सावली, त्यामुळे ऊन मिळायचं ते फक्त पुढच्या बाजूला, रस्त्याकडे. लग्न होऊन ती तिथं गेली तेव्हा तेवीस वर्षांची होती. सांगलीला इंग्रजी घेऊन बी.ए. केलेलं, वर्षभर मुलींच्या शाळेत तेच शिकवलेलं. व्याकरण पक्कं, उच्चार नेटके. पण ते नेटके उच्चार ऐकायला कुणी नव्हतं. पोस्टाच्या दुकानात ती शिरली की गप्पा थांबायच्या आणि दुकानदारीण नाणी तिच्या हातावर न ठेवता फळीवर ठेवायची. फारसं कुणी वाईट वागलं नाही. तिथं वाईट वागायचीसुद्धा ओळख लागत असावी.

मग एक दिवस दिगंबर जेवताना म्हणाला, “एक काम करशील का? पण कुणाला बोलायचं नाही.” चर्चच्या मागच्या घरात एकट्या राहणाऱ्या एक बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. कमरेत काहीतरी बिघडलं होतं आणि लघवीवरचा ताबा गेला होता. हॉस्पिटलात जायला तयार नाहीत, फिरती नर्स रजेवर, आणि गावातली कुठलीही बाई घरात घ्यायची नाही, कारण संध्याकाळपर्यंत गावभर होईल. साध्या बाई नव्हेत त्या. गावाच्या कमिटीच्या अध्यक्ष. टापटिपीची स्पर्धा त्यांच्याच जिवावर चालायची. कुणाचं कुंपण कधी छाटायचं, टेलिफोन बूथची काच कुणी पुसायची, सगळं त्या ठरवायच्या. “तू बरी,” दिगंबर म्हणाला होता. “तू कुणाला सांगणार?” तेव्हा तिला तो विश्वास वाटला होता. त्या वाक्याचा खरा अर्थ, की या गावात तुझ्याशी बोलतंय कोण, हा तिला पुष्कळ उशिरा कळला, शिकागोच्या एका बसथांब्यावर थंडीनं कुडकुडत असताना, एकदम आणि काही कारण नसताना. दिगंबरनं तिच्याकडून वचन घेतलं होतं. पेशंटचं पेशंटपाशी. त्या बाईंचं नाव तिनं आईला पत्रातसुद्धा कळवलं नाही. पुढे पुढे ती मनातल्या मनातही ‘कमिटीच्या बाई’ असंच म्हणू लागली.

ती रोज जायची, मागच्या दारानं. बाईंना कुशीवर वळवायचं, पुसायचं, पावडर लावायची, चादर बदलायची. कोबीच्या पानांखाली भिजक्या चादरी लपवून टोपली घरी आणायची, न्हाणीतल्या टबात गुडघ्यांवर बसून धुवायची. सासरच्या माणसांचंही तिनं कधी इतकं केलं नव्हतं, करायची वेळच आली नव्हती. पहिल्या दिवशी बाईंनी तोंड भिंतीकडे केलं होतं. मग हळूहळू बोलायला लागल्या, खिडकीतून बोट दाखवत. तो ओढा ऑगस्टमध्ये आटतो. त्या दोन घरांचं गिरणीच्या पाण्यावरून भांडण, चार पिढ्या झाल्या, अजून चर्चमध्ये एका बाकावर बसत नाहीत. त्या शेताचं नाव ‘भुकेलं रान’, कारण तिथं काही धड पिकत नाही. पहिल्या महायुद्धात गावातली तरणी पोरं एका आठवड्यात गेली, त्यांत एक जण त्यांच्या मोठ्या बहिणीचा ठरलेला नवरा होता. बहीण पुढे लग्नाशिवायच राहिली आणि ह्याच पलंगावर वारली. हॅडलकोट म्हणजे काय हे दिगंबरला कधीच कळलं नाही. ते पद्मिनीला कळलं, हाताला जंतुनाशकाचा वास येत असताना. एकदा बाईंनी तिला विचारलं होतं, एवढं चांगलं इंग्रजी कुठे शिकलीस. तिनं सांगितलं. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. पद्मिनीला वाटलं होतं, मैत्री झाली. केवढी ती मूर्ख.

“आजी, इज द अ‍ॅक्सेंट ओके?” उर्वी समोर येऊन उभी होती, पदर खांद्यावरून घसरलेला, डोळे चमकणारे. पोरगी वाईट नव्हती. तिला जे मिळालं होतं तेच ती वापरत होती. पद्मिनी म्हणाली, “माहीत नाही.” “माहीत कसं नाही? तुझाच तर आहे!” असं म्हणत दिगंबर हसला आणि सुमंतकडे वळून म्हणाला, “तिला आता लाज वाटते.” लाज. पद्मिनीनं मांडीवरचा एक शेंगदाणा उचलला आणि तो बोटांत दाबत राहिली. सुमंत म्हणाला, “आई, एंडिंगला तुला स्टेजवर बोलावणार आहे हं. उर्वी तुला माइक देणार आणि तू फक्त ते एक वाक्य म्हणायचं. ओरिजिनल आर्टिस्ट! लोक वेडे होतील.” म्हणजे एवढ्यावर भागणार नव्हतं. शनिवारी, सगळ्या हॉलसमोर, ओवाळून झाल्यावर, नव्या पैठणीत, तिला पुन्हा एकदा माफी मागायची होती.

पहिली माफी पत्र्याच्या छपराच्या गावहॉलमध्ये मागितली होती. त्या वर्षी जुलैत पाऊस खळतच नव्हता. धुतलेल्या चादरी टबात साचल्या होत्या, घरात दोऱ्या बांधून वाळवाव्या तर त्यांना कुबट वास यायला लागला होता, आणि तिकडे बाईंच्या पलंगावर घालायला एक कोरडी चादर उरली नव्हती. मग एका सकाळी लख्ख ऊन पडलं. पद्मिनीनं सगळ्या चादरी पुढच्या कुंपणावर पसरल्या. पांढऱ्या, एकजात पांढऱ्या. नियम तिला माहीत नव्हता. दिगंबरला माहीत होता. म्हाताऱ्या डॉक्टरनं त्याला बजावून सांगितलं होतं की बायकोला सांग. तो विसरला. त्या सकाळी परीक्षक आले. कप हुकल्याचा निकाल लागला तेव्हा बाई हिंडूफिरू लागल्या होत्या, काठी घेऊन. गाव चिडलं होतं, म्हणजे इंग्रज माणसं चिडतात तसं. कुणी काही बोललं नाही, फक्त दवाखान्यात येणाऱ्यांनी दिगंबरऐवजी म्हाताऱ्या डॉक्टरची वेळ मागायला सुरुवात केली. दिगंबर हादरला. त्याला तिथं भागीदारी हवी होती. पद्मिनीनं गावाच्या सभेत माफी मागायची असं त्यानं ठरवलं आणि आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तिची तालीम घेतली. ती म्हणाली, मी सांगते ना, एका आजारी माणसाच्या चादरी होत्या, नाव घेणार नाही. तो म्हणाला, वेडी आहेस का, लगेच ओळखतील. तिनं माफीची चार वाक्यं म्हणून दाखवली, स्वच्छ, शाळेत शिकवायची तशी. तो डोकं हलवत राहिला. “असं नको. एवढं सफाईदार बोललीस तर उद्धट वाटशील. त्यांना वाटायला हवं की बिचारीला कळत नाही. जरा अडखळ.”

ती अडखळली. सभेत उभी राहून अडखळली. हातांचं काय करावं कळेना म्हणून पदराशी चाळा केला, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे वाक्य तिनं मोडकं करून म्हटलं, नवऱ्यानं मोडून दिलं होतं तसं. टेबलामागे अध्यक्षांच्या खुर्चीत कमिटीच्या बाई बसल्या होत्या. कडक इस्त्रीचे कपडे, गळ्यात मोत्यांची माळ. त्या माळेखालच्या हाडांवरून पद्मिनीनं कितीदा ओला बोळा फिरवला होता. एक शब्द. एकच शब्द त्या बोलल्या असत्या, नाव न घेता, कारण न सांगता, नुसतं ‘राहू दे मुली’ म्हणाल्या असत्या, तरी पद्मिनीनं त्या बाईचे पाय धुऊन पाणी प्यायलं असतं. बाईंनी तिचं ते मोडकं इंग्रजी शेवटपर्यंत ऐकलं, ज्या इंग्रजीचं त्यांनी एकदा कौतुक केलं होतं ते कुठे गेलं असं त्यांना वाटल्याचं तोंडावर काही दिसलं नाही, आणि मग त्यांनी माफी स्वीकारल्याची मान हलवली. दिगंबरनं शेजारून तिचा दंड दाबला. शाबासकीनं. घरी येताना तो खुशीत होता. भागीदारी त्याला मिळाली नाहीच. पुढच्या वर्षी ते शिकागोला आले, आणि इथल्या पहिल्याच गणपतीला त्यानं ती गोष्ट सांगितली. चादरी गेल्या, साड्या आल्या. चादरींना कोण हसतं?

“लेट्स डू द अपॉलॉजी वन मोअर टाइम,” सुमंत म्हणाला. उर्वी दोरीखाली जाऊन उभी राहिली. “आय नॉट नो, सर,” तिनं सुरू केलं. दिगंबर खुर्चीतून पुढे झुकला, एक बोट वर केलं, आणि त्याच्या त्या प्रेमळ, मास्तरकीच्या सुरात म्हणाला, “छान. पण जरा अजून अडखळ, बाळ. लोकांना मजा येते.”

पद्मिनी उठली. उठताना मांडीवरचा उरलेला चिवडा खाली सांडला आणि तिनं तो तुडवला. “बास,” ती म्हणाली. “ती अडखळणार नाही. मी अडखळत नव्हते. मला अडखळायला लावलं होतं. आणि या साड्या काढा. तिथं साड्या नव्हत्या. चादरी होत्या, पांढऱ्या, आणि माझ्या नव्हत्या.” हे सगळं ती इतक्या ठाम आवाजात म्हणाली की रीमानं हातातला फोन खाली ठेवला. सुमंतला पहिल्यांदा प्रयोगाचीच काळजी वाटली. “आई, आता चेंज नको ना गं. साड्या स्टेजवर किती ब्राइट दिसतात.” उर्वी मात्र म्हणाली, “वेट. हूज शीट्स?”

“कसल्या चादरी?” दिगंबर हसून म्हणाला. “अगं, साड्याच होत्या. मला अजून डोळ्यांसमोर दिसतायत. ती जांभळी तर कुंपणावरून लोंबत होती.” पद्मिनीनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. पन्नास वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाचा खोटेपणा तिला लांबूनही ओळखू आला असता. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच साड्या दिसत होत्या. जांभळी साडी त्यांनी सुमंतच्या जन्मानंतर शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवर घेतली होती, आणि तीसुद्धा त्यानं नेऊन हॅडलकोटच्या कुंपणावर टाकली होती. ती चिडीनं आंधळी व्हायची वेळ आली. लपवलं असतं तर ओढून काढता आलं असतं. यानं तर वापरून वापरून खरं संपवलंच होतं. त्या हॉलमध्ये काय घडलं हे ठाऊक असलेली तीन माणसं होती. एक केव्हाच मातीत गेली असणार. दुसरा समोर बसून प्रामाणिकपणे हसत होता. म्हणजे आता ते घडलं होतं की नाही, हे फक्त पद्मिनी तोंड उघडते की नाही यावर होतं.

“एका आजारी बाईच्या होत्या,” ती म्हणाली. “तिचं अंथरूण रोज ओलं व्हायचं. तुम्हीच मला पाठवत होतात. मागच्या दारानं. आणि त्याच बाईसमोर तुम्ही मला माफी मागायला उभं केलंत.”

“कोण बाई?” दिगंबरनं विचारलं. कुतूहलानं. नवा किस्सा निघतोय की काय असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

ते नाव तोंडात आणायला तिला कष्ट पडले. जीभ त्या अक्षरांना सरावलेलीच नव्हती. “हेरिएट रॅग,” ती म्हणाली. “मिस हेरिएट रॅग. चर्चच्या मागचं घर.”

रिक्लायनरचा पाय ठेवायचा भाग खटकन खाली आला. दिगंबरचे दोन्ही पाय जमिनीवर टेकले, आणि त्याचं हसू, जे त्या तळघरात दुपारभर तेवत होतं, ते विझलं. त्याला आठवलं होतं. सगळं आठवलं होतं, तिला दिसलं. ते घर, ती टोपली, स्वयंपाकघरातली तालीम. एक क्षण तिला वाटलं, आता तो काहीतरी म्हणेल. तिनं वाट पाहिली. त्यानं खरंच तोंड उघडलं.

“हळू,” तो म्हणाला. “हळू बोल.”

“बाबा?” सुमंत म्हणाला. “म्हणजे हे खरं आहे?”

दिगंबरनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो ताठ बसला होता. चेहऱ्यावर ती जुनी, दवाखान्यातली कडक नापसंती आली होती. हाताखालच्या नर्सकडून चूक झाली की यायची तीच. “पेशंटचं नाव असं चारचौघांत घेत नाहीत, पद्मिनी,” तो म्हणाला. “कधीच नाही. मी आयुष्यात घेतलेलं नाही.”

“आणि बायकोचं?” तिनं विचारलं.

उर्वी साडीचा घोळ मुठीत धरून आजोबांकडे टक लावून पाहत होती. दिगंबर यावर काहीतरी म्हणणार होता, आणि म्हणण्याआधी त्यानं सवयीनं समोर कोण कोण बसलंय त्यांच्या तोंडांवरून एकदा नजर फिरवली. हसायला कुणीच तयार नव्हतं.